ऑफिसची ट्रायल संपली: आधी फाइल सोडवा, फॉन्ट सांभाळा, मग पुढचं ठरवा

नवा लॅपटॉप घेऊन महिना उलटला की त्याबरोबर आलेल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसची ट्रायल, म्हणजे फुकट वापराची मुदत, संपते. मग एके दिवशी वर्डच्या माथ्यावर लाल पट्टी येते, 'अनलायसन्स्ड प्रॉडक्ट' असं लिहून येतं आणि टायपिंग बंद पडतं. नेमकी त्याच दिवशी पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्याचं कोटेशन किंवा नाडकचेरीत (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीत) द्यायचा अर्ज अर्ध्यावर असतो. मग घाईघाईत कुणाला तरी बोलावून 'ऑफिस ॲक्टिव्हेट' करून घेतलं जातं आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. हा घोळ टाळता येतो. बहुतेकांचं काम एक रुपयाही न घालता पुढे चालू शकतं. फक्त कामं योग्य क्रमाने करावी लागतात.

मुदत संपली म्हणून फाइल जात नाही. जुनी कागदपत्रं उघडतात, वाचता येतात, छापताही येतात. नवी फाइल तयार करणं, असलेल्या फाइलमध्ये बदल करणं आणि सेव्ह करणं एवढंच बंद होतं. त्यामुळे आज फक्त प्रिंट हवी असेल तर काहीच करायला नको, कंट्रोल आणि पी दाबा. प्रिंटर जवळ नसेल तर प्रिंटरच्या यादीतून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. त्याची पीडीएफ बनते, ती पेनड्राइव्हवर घालून झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्या. 'सेव्ह ॲज' बंद असलं तरी हा मार्ग उघडा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आजच एखादी तारीख किंवा रक्कम बदलायची असेल तर फोनवर वर्ड किंवा एक्सेलचं ॲप घ्या. १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर साधे बदल फुकट करता येतात. ब्राउझरमधलं वर्डही मायक्रोसॉफ्टच्या साध्या खात्यावर फुकट चालतं. मात्र मजकूर जुन्या मराठी किंवा कन्नड फॉन्टमध्ये असेल तर हे दोन्ही मार्ग वापरू नका. त्याचं कारण खाली सविस्तर दिलं आहे.

आधी लाल पट्टी नीट वाचा

'ॲक्टिव्हेट विंडोज' असं उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरांत दिसत असेल तर तो विंडोजचा प्रश्न आहे, ऑफिसचा नाही. दोन्हींचे परवाने वेगवेगळे असतात. एकावर उपाय करून दुसरा सुटत नाही.

ऑफिसचाच संदेश असेल तर वर्ड उघडून 'फाइल' आणि मग 'अकाउंट' इथे जा. उजव्या बाजूला उत्पादनाचं नाव दिसतं आणि डाव्या बाजूला ते कुठल्या ईमेलवर आहे ते दिसतं. दोन्ही कागदावर लिहून ठेवा. नाव 'मायक्रोसॉफ्ट ३६५' असेल तर ते वर्गणीचं ऑफिस, तेच ट्रायल म्हणून आलेलं असतं. 'होम अँड स्टुडंट २०२१' किंवा 'होम २०२४' असं असेल तर ते एकदाच पैसे देऊन कायमचं घेतलेलं ऑफिस आहे, त्याला मुदतच नसते. तिथे लाल पट्टी आली असेल तर परवाना खात्याला जोडलेला नाही, किंवा तुम्ही दुसऱ्याच खात्याने आत आला आहात.

पैसे आधीच भरले असतील तर?

ही तपासणी न करता नवं ऑफिस विकत घेणारे पुष्कळ आहेत. गेल्या काही वर्षांत भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपबरोबर कायमचं ऑफिस येतं आणि त्याची किंमत लॅपटॉपच्या किमतीतच धरलेली असते. खोका, खोक्यावरचं स्टिकर आणि बिल काढून बघा. ऑनलाइन घेतला असेल तर ऑर्डरच्या पानावरचं वर्णन वाचा. 'ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१' किंवा 'ऑफिस होम २०२४' असे शब्द दिसले तर ते ऑफिस तुमचंच आहे. मात्र नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केल्यापासून साधारण सहा महिन्यांच्या आत ते ॲक्टिव्हेट करावं लागतं. ट्रायलवरच काम चालतंय म्हणून ते राहून जातं आणि मुदत निघून गेल्यावर वाद घालत बसावं लागतं.

अलीकडे एक जोडी जास्त दिसते: 'मायक्रोसॉफ्ट ३६५ बेसिक एक वर्ष' आणि 'ऑफिस होम २०२४'. यातल्या 'बेसिक'मध्ये वर्ड, एक्सेल नसतंच, त्यात मुख्यतः वनड्राइव्हवरची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यातली, १०० जीबी जागा असते. वर्ष संपल्यावर 'तुमची वर्गणी संपली' असा संदेश येतो आणि लोकांना वाटतं ऑफिस गेलं. ऑफिस तसंच चालू राहतं, फक्त वनड्राइव्हची जागा ५ जीबीवर येते.

दुसरी अडचण ईमेलची. लॅपटॉप दुकानात 'सेट करून' मिळतो तेव्हा गिऱ्हाइकाकडे ईमेल नसेल किंवा पासवर्ड आठवत नसेल, तर दुकानातला मुलगा स्वतःच्या नाहीतर दुकानाच्या खात्याने लॉगिन करून मोकळा होतो. परवाना त्या खात्याला चिकटतो आणि नंतर दुसऱ्या खात्यावर हलवता येत नाही. 'अकाउंट'च्या पानावर अनोळखी ईमेल दिसला तर बिल घेऊन लगेच दुकानात जा. ते खातं खास तुमच्यासाठी उघडलेलं असेल तर त्याचा पासवर्ड आणि रिकव्हरीचा फोन नंबर तिथेच बसून आपला करून घ्या. दुकानाचं सामाईक खातं असेल तर लेखी तक्रार द्या. नवा लॅपटॉप घेणाऱ्याने खातं आधी स्वतः उघडावं आणि पासवर्ड स्वतः टाकावा, त्यासाठी दुकानात दहा मिनिटं थांबायला हरकत नाही.

फाइल नेमकी कुठे आहे?

ट्रायल सुरू असताना वनड्राइव्ह पुष्कळदा आपोआप चालू होतं आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स हे फोल्डर त्याच्या आत जातात. आपण म्हणतो फाइल डेस्कटॉपवर आहे. प्रत्यक्षात ती कधी कधी फक्त इंटरनेटवर असते, पडद्यावर नुसतं तिचं चित्र दिसतं. फाइलच्या नावाशेजारची खूण बघा. हिरवी टिक असेल तर फाइल तुमच्या डिस्कवर आहे. निळा ढग असेल तर ती डिस्कवर नाही, उघडताना खाली येते. खानापूरपलीकडे जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात नेट तासन्‌तास जातं, तेव्हा ढगाची फाइल असून नसल्यासारखीच.

वर्गणीत १ टीबी जागा असते, ती संपल्यावर ५ जीबी उरते. साठा त्याहून जास्त असेल तर नवीन काही चढत नाही, पण असलेलं उतरवून घेता येतं. हे काम पुढे ढकलू नका. जागा ओलांडलेली तशीच महिनोन्‌महिने राहिली तर फाइली पुसल्या जाऊ शकतात.

नेट चांगलं असेल तेव्हा फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा. सगळ्या खुणा हिरव्या होईपर्यंत थांबा. मग ते फोल्डर सी ड्राइव्हवर वेगळ्या नावाने कॉपी करा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. कट करू नका, कॉपीच करा. वनड्राइव्ह बंद करायचं, अनइन्स्टॉल करायचं ते सगळं त्यानंतर. उलटा क्रम झाला तर डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि माणूस हबकतो. अशा वेळी ब्राउझरमधून वनड्राइव्हच्या पानावर जा, फाइली बहुधा तिथेच असतात.

ॲक्सेस या ऑफिसमधल्या डेटाबेसच्या प्रोग्राममध्ये काही नोंदी केल्या असतील तर मुदत संपायच्या आतच त्यातले तक्ते एक्सेलमध्ये काढून घ्या. कायमच्या 'होम' ऑफिसात ॲक्सेस येत नाही.

कार्ड दिलं होतं का?

लॅपटॉपबरोबर आलेली ट्रायल सहसा नुसती संपते. पण वेबसाइटवरून स्वतः घेतलेल्या एक महिन्याच्या ट्रायलला कार्ड द्यावं लागतं आणि महिना भरल्यावर पैसे कापले जातात. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर 'सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन 'रिकरिंग बिलिंग' बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी यावी लागते, मात्र १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी मागितला जात नाही. म्हणून ओटीपी आला नाही म्हणजे पैसे जाणार नाहीत असं धरून बसू नका. बँकेचे एसएमएस वाचा.

खरी मेख फॉन्टमध्ये आहे

आपल्या भागातल्या कचेरीत एकाच संगणकावर तीन लिप्यांचं काम चालतं. सभासदांची नोटीस मराठीत, सहकार खात्याचा किंवा तहसीलदार कचेरीचा पत्रव्यवहार कन्नडमध्ये, बँकेची आणि जीएसटीची पत्रं इंग्रजीत. ऑफिस बदलताना इंग्रजी फाइलला फारसं काही होत नाही. धक्का बसतो तो मराठी आणि कन्नड फाइलींना, आणि ट्रायल संपण्यापेक्षा त्याचं नुकसान मोठं असतं. त्यामुळे नवं काहीही घ्यायच्या आधी आपल्या फाइली कुठल्या फॉन्टमध्ये आहेत ते तपासा.

तपासणी सोपी आहे. मराठी शब्दावर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टचं नाव वाचा. मंगल, निर्मला, कोकिळा, अपराजिता ही नावं दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, आहे. श्री-देव, शिवाजी, कृतिदेव, डीव्ही-टीटी अशी सुरुवात असेल तर तो जुना फॉन्ट. कन्नडसाठी तुंगा किंवा निर्मला म्हणजे युनिकोड, आणि 'नुडी ०१ ई' सारखं नाव म्हणजे जुना. नावावरून उलगडा झाला नाही तर दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी झाली तर जुना फॉन्ट.

कारण असं की जुन्या फॉन्टच्या फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. फॉन्ट गेला की आकार गेला. गूगल डॉक्स तुमच्या संगणकात बसवलेले फॉन्ट वापरत नाही, फोनवर ते फॉन्ट नसतात. त्यामुळे अशी फाइल तिथे उघडली की पानभर निरर्थक अक्षरं दिसतात. फाइल बिघडलेली नसते, पण तिथल्या तिथे काही टाइप करून सेव्ह केली तर मात्र बिघडू शकते.

जुन्या फॉन्टच्या फाइली त्याच संगणकावर ठेवा, तिथे फॉन्ट विंडोजमध्ये बसलेला असतो. ऑफिसची मुदत संपली म्हणून तो जात नाही. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचा परवाना वेगळा असतो, त्याचा आणि ऑफिसच्या ट्रायलचा संबंध नाही. तरीही सी ड्राइव्हमधल्या 'विंडोज'च्या आत 'फॉन्ट्स' हे फोल्डर उघडून आपले फॉन्ट पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. संगणक फॉरमॅट झाला तर हेच उपयोगी पडतात.

युनिकोड फाइलीतही एक बारीक अडचण येते. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट सगळ्या संगणकांवर आधीपासून बसवलेले नसतात. निर्मला असतो, बाकीचे मागाहून घ्यावे लागतात. ते नसतील तर अक्षरं दिसतात, पण ओळींची उंची बदलते आणि एका पानाची नोटीस दीड पानावर जाते. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' उघडा, तिथे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' आणि 'कन्नड सप्लिमेंटल फॉन्ट्स' शोधा आणि दोन्ही बसवा. कन्नडचा तुंगा दुसऱ्या संचात येतो. विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड भाषा जोडल्या तरी हे फॉन्ट येतात, शिवाय टायपिंगला 'मराठी फोनेटिक' आणि 'कन्नड फोनेटिक' कीबोर्ड मिळतात. हे कीबोर्ड विंडोजचे असल्यामुळे कुठल्याही ऑफिसात चालतात.

वर्षानुवर्षं वापरायचे नमुने, म्हणजे नोटिशीचा मायना, ठरावाची प्रत, कर्जरोखा, हे एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्या. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कन्नडसाठी रूपांतराची सोय आहे, मराठी फॉन्टसाठीही कन्व्हर्टर मिळतात. रूपांतर झाल्यावर मजकूर डोळ्यांखालून घालाच. मराठीत रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतो, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' तुटतात, श्र, क्ष, ज्ञ चुकतात. कन्नडमध्ये ओत्ताक्षरं, म्हणजे जोडाक्षरात खाली लिहायची अक्षरं, सुटी होतात. सभासदांची नावं आणि आकडे मूळ छापील प्रतीशी ताडून बघा. नावातला रफार चुकला तर कागद परत येतो.

लिब्रेऑफिस: नीट बसवलं तर पुरतं

पत्रव्यवहार, हिशेब, तक्ते, गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च, बचत गटाच्या नोंदी, विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट, एवढ्यासाठी वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं लिब्रेऑफिस पुरेसं आहे. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते २०१० पासून चालवते. ते फुकट आहे, मुदत नाही, खातं लागत नाही, नेटशिवाय चालतं आणि व्यवसायासाठी वापरायलाही हरकत नाही. फाइल साधारण साडेतीनशे एमबीची असते. गावात नेट अडखळत असेल तर बेळगावात, निपाणीत आल्यावर पेनड्राइव्हवर उतरवून न्या. संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या, शोधात वर येणाऱ्या जाहिरातीच्या दुव्यावरून नको. विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर २५.८ आणि त्यापुढच्या आवृत्त्या चालत नाहीत, त्याआधीची घ्या.

बसवल्यावर लगेच कामाला लागू नका. पुढच्या सेटिंग आधी करा, नाहीतर चार दिवसांत 'हे काही खरं नाही' म्हणून सोडून द्याल.

'टूल्स', 'ऑप्शन्स', मग 'लँग्वेजेस अँड लोकेल्स' इथे 'लोकेल' 'इंग्लिश (इंडिया)' करा. त्यामुळे तारीख दिवस-महिना-वर्ष अशी येते, रुपयाचं चिन्ह मिळतं आणि कागद ए-फोर राहतो. हे केलं नाही तर अमेरिकन लेटर आकार येऊन खालची ओळ कापली जाते. त्याच पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ची खूण नसेल तर करा आणि भाषा मराठी निवडा. मग 'रायटर'च्या (लिब्रेऑफिसमधल्या वर्डसारख्या भागाच्या) पोटात 'बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)' मध्ये निर्मला किंवा मंगल ठेवा. लिब्रेऑफिस इंग्रजीचा आणि देवनागरी-कन्नडचा फॉन्ट वेगवेगळा लक्षात ठेवतं. नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. इंग्रजीचा आकार बदलला आणि मराठीचा बदलला नाही असं दिसलं तर मराठी मजकूर वेगळा निवडून बदला.

'लोड/सेव्ह'मधल्या 'जनरल' पानावर 'ऑलवेज सेव्ह ॲज' असा खण असतो. टेक्स्ट डॉक्युमेंटसाठी 'वर्ड २०१०–३६५' आणि स्प्रेडशीटसाठी 'एक्सेल २०१०–३६५' निवडा. ही सेटिंग राहून गेली तर फाइल लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या ओडीटीसारख्या प्रकारात सेव्ह होते आणि समोरच्या कचेरीतून 'उघडत नाही' असा फोन येतो. मेनू जुन्या पद्धतीचे वाटत असतील तर 'व्ह्यू'मधल्या 'युझर इंटरफेस'मध्ये 'टॅब्ड' निवडा, वर्डसारखी पट्टी दिसते.

हिशेबाच्या फाइलींना जास्त जपा. कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसमधल्या एक्सेलसारख्या भागात, एक्सेलची फाइल उघडताना सूत्रं सहसा पुन्हा मोजली जात नाहीत, एक्सेलने ठेवलेलं उत्तरच दिसतं. फाइल उघडल्यावर एकदा कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-९ एकत्र दाबा, सगळी सूत्रं नव्याने मोजली जातात. मग बेरजा जुन्या प्रिंटशी ताडा. कुठे चूक दिसली तर त्या खान्यातलं सूत्र वाचा. 'एक्सलुकअप' हे सूत्र २४.८ पासून चालतं, त्याआधीच्या आवृत्तीत अडतं. मॅक्रो असलेल्या फाइली, म्हणजे बटण दाबून व्याज किंवा पावती काढणाऱ्या, काही चालतात आणि काही चालत नाहीत. प्रत करून तपासल्याशिवाय मूळ फाइल सेव्ह करू नका. अशा एखाद-दुसऱ्या फाइलीवर संस्थेचं काम अडत असेल तर त्या एका संगणकापुरतं ऑफिस विकत घ्या, बाकीच्यांवर लिब्रेऑफिस ठेवा.

रकमेत लाखाचे स्वल्पविराम हवे असतील तर खाने निवडा, 'फॉरमॅट सेल्स'मधल्या कोडच्या रकान्यात हॅश, स्वल्पविराम, दोन हॅश, स्वल्पविराम, दोन हॅश आणि शून्य असं लिहा. १२३४५६७ चे १२,३४,५६७ होतात. एक्सेलमध्ये यासाठी सहसा विंडोजची सेटिंग बदलावी लागते, इथे फाइलपुरतं होतं.

लेटरहेडवरचा लोगो आणि टेक्स्ट बॉक्स थोडे सरकतात. लेटरहेड एकदा नव्याने बसवून नमुना म्हणून ठेवणं बरं. वर्डच्या मेल मर्जच्या, म्हणजे यादीतून नावं आपोआप भरणाऱ्या, नोटिशींची यादीशी जोडणी तुटते, ती परत करावी लागते. बाहेर पाठवायचं पत्र नेहमी पीडीएफ करून पाठवा. समोर कुठलं ऑफिस आहे, कुठला फॉन्ट आहे, याची चिंता राहत नाही.

डबल क्लिक केल्यावर अजून बंद पडलेलं वर्डच उघडत असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'ओपन विथ'मध्ये लिब्रेऑफिस निवडा आणि 'ऑलवेज' दाबा. वर्ड आणि एक्सेल दोन्ही प्रकारच्या फाइलींसाठी हे एकेकदा करा.

दोघा-तिघांनी मिळून एकच यादी भरायची असेल तर गूगल शीट्स किंवा झोहो शीट बरं पडतं. डब्ल्यूपीएस ऑफिस दिसायला वर्डसारखं आहे, पण फुकट आवृत्तीत जाहिराती येतात आणि काही सोयींवर त्याचीच ट्रायल लागते. एका ट्रायलमधून सुटून दुसरीत अडकण्यात काही हशील नाही.

विकत घ्यायचं तर

वापर कोण करणार यावर निवड ठरते. 'होम अँड स्टुडंट' आणि ३६५ चे 'पर्सनल', 'फॅमिली' हे घरगुती वापरासाठी आहेत. दुकान, कारखाना, सौहार्द सहकारी संस्था यांना 'बिझनेस' नाव असलेली आवृत्ती घ्यावी लागते. विद्यार्थ्यांनी खर्च करण्याआधी कॉलेजात विचारावं. कॉलेजने दिलेल्या ईमेलवर ब्राउझरमधलं ऑफिस बऱ्याचदा फुकट मिळतं.

वर्षही बघा. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट मिळण्याचा काळ, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, २०२१ चा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. स्वस्तात मिळतंय म्हणून २०१९ घेऊ नका. २०२४ ला ऑक्टोबर २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील.

सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी असतो. व्यवसायाच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह बिल मागा, नाहीतर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट बुडतं. परवाना संस्थेच्या ईमेलवर घ्या, क्लार्कच्या खासगी जीमेलवर नको. सेक्रेटरी बदलला, क्लार्क सोडून गेला की त्याच्याबरोबर परवानाही जातो. बिझनेस ट्रायल घेऊन त्यावर संस्थेचा ईमेल सुरू केला असेल तर जास्त सावध राहा. मुदतीनंतर काही काळ फक्त ॲडमिनला डेटा मिळतो आणि मग तो पुसला जातो.

जे करू नये

तारीख मागे करून ट्रायल लांबत नाही. परवाना सर्व्हरवर तपासला जातो. उलट संगणकाची तारीख चुकली की बँकेच्या, जीएसटीच्या साइट उघडत नाहीत आणि हिशेबात चुकीच्या तारखा पडतात.

तीनशे-चारशे रुपयांच्या 'लाइफटाइम की' बहुधा मोठ्या कंपन्यांच्या सामाईक परवान्यातून फुटलेल्या असतात. आज चालतात, पुढे बंद होतात, आणि तेव्हा विकणारा सापडत नाही.

'अँटिव्हायरस बंद करा, मग ॲक्टिव्हेटर चालवा' असं सांगणाऱ्याला संगणकाला हात लावू देऊ नका, समोर बसून असो की दुरून संगणक चालवणाऱ्या एनीडेस्कवरून. त्या ॲक्टिव्हेटरला संगणकाचे पूर्ण अधिकार मिळतात आणि संरक्षण आपणच काढलेलं असतं. त्याच संगणकावर सभासदांचे आधार क्रमांक, डिजिटल सही, नेट बँकिंग असतं. शिवाय चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब खाली गुन्हा आहे. त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड आहे.

नवं घेतलं तरी लाल पट्टी जात नसेल

जुनी ट्रायल आणि नवं ऑफिस एकाच संगणकावर भांडतात. लॅपटॉपवर ट्रायल एकाच भाषेत नसते. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट ३६५' तीन-चार वेळा दिसतं, शेवटी वेगवेगळ्या भाषांची खूण असते. ते सगळे एकेक करून काढा. एकच काढलं तर उरलेलं परत लाल पट्टी दाखवतं. पण लॅपटॉपबरोबर कायमचं ऑफिस आलेलं असेल तर काढण्यापूर्वी ते आपल्या खात्याला जोडलं गेल्याची खात्री करा. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या 'सर्व्हिसेस'च्या पानावर त्याचं नाव दिसायला हवं. दिसलं की ट्रायल काढा, संगणक रीस्टार्ट करा आणि त्याच पानावरून 'इन्स्टॉल' करा. उतरवायचा डेटा काही जीबी असतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे सुरू करण्याआधी दिवसाचा डेटा किती उरला आहे ते बघा.

बसल्यावर वर्डमधून जुन्या ईमेलने साइन आउट करून परवान्याच्या ईमेलने साइन इन करा. 'अकाउंट'च्या पानावर 'प्रॉडक्ट ॲक्टिव्हेटेड' असं आलं की त्या पानाचा प्रिंट काढा. मागे खरेदीची तारीख आणि ईमेल लिहा आणि बिलाबरोबर संस्थेच्या फाइलीला लावा.